न तुटणारी काठी

दुकानदाराने भिंतीवरची गळाची काठी उतरवून सासऱ्यांच्या हातात दिली आणि सुनेला कितीतरी दिवसांनी हायसं वाटलं. म्हाताऱ्याने काठी दोन बोटांवर तोलली, मनगटाला हलकाच झटका दिला. बारीक शेंडा थरथरला आणि लगेच सरळ होऊन थांबला.

"वा! जातिवंत आहे," सासरे म्हणाले.

"हलक्या जिगसाठीच बनवलेली आहे, काका." दुकानदाराने काचेखालची एक जिग काढून दोऱ्याला अडकवली. करंगळीएवढा शिशाचा मासा, पोटाशी गळ. तेवढ्याशा वजनानेही शेंडा किंचित वाकला.

"हे बघ," सासरे सुनेला म्हणाले. त्यांना शिकवायला कुणीतरी लागायचंच. "हलकी जिग दंडाच्या जोराने जात नाही. शेंडा वाकतो, आणि सरळ होताना तोच तिला लांब फेकतो. मग ती तळाला टेकली, की इथे, या बोटाला कळतं. डोळे मिटून घेतलेस तरी कळतं."

सून मान डोलावत राहिली. त्यांचा चेहरा असा उजळलेला पाहून तिच्या जिवात जीव आला होता. नवी काठी घरी जाईल, रविवारी सासरे पुन्हा धक्क्यावर जाऊन बसतील, आणि जुन्या काठीचा विषय कुणी काढणार नाही. सुंठीवाचून खोकला जाईल.

सासऱ्यांनी काठी अलगद काचेवर ठेवली. "ही नको. ती कोपऱ्यातली दाखवा."

कोपऱ्यातली काठी खालपासून वरपर्यंत नुसती दांडगी होती. दुकानदाराने डोकं खाजवलं. "काका, ती बोटीवरून जड वजन सोडायला असते. तिच्यावर ही जिग लावलीत तर तुमच्याच पायाशी पडेल."

"ते मला सांगता? पण तुटणार नाही ना?"

"ती कसली तुटतेय! पण हीसुद्धा जपून वापरली तर…"

"जपून!" सासरे हसले. ते हसू सुनेला बघवेना. "अहो, आधीची माझ्याच हातून गेली. कोठीच्या दारात शेंडा चिरडला. सुरुवातीला मला काही आठवतच नव्हतं. आता आठवतंय. मी घाईत होतो, बिजागरीच्या बाजूला उभी केली आणि दार ओढलं. आवाजसुद्धा आठवतो."

तो आवाज झाला तेव्हा सासरे घरातही नव्हते, केस कापायला गेले होते. सुनेच्या कमरेवर धुवायच्या कपड्यांचं बोचकं होतं आणि तिने पायाने दार लोटलं होतं. शेंडा तुटलेला पाहिला, काठी जशीच्या तशी भिंतीला टेकवली आणि ती कपडे भिजवायला गेली. संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं तेव्हा नवराच म्हणाला, "बाबा, तुम्हीच ठेवताना मोडली असेल. हल्ली विसरता तुम्ही." ती ताटं पुसत राहिली. उद्या सांगू, म्हणाली मनाशी. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी गॅस पेटवणं सोडलं. मग एक दिवस घराच्या किल्ल्या तिच्यापुढे ठेवल्या. "तुझ्याकडेच असू देत बाई. माझा मला भरवसा नाही." त्या किल्ल्या आत्ताही तिच्या पर्समध्ये होत्या. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज जीभ मागे फिरायची.

"हीच द्या," सासरे जाड काठीकडे बोट दाखवत म्हणाले. "मासा नाही लागला तरी चालेल. मोडायला नको."

"बाबा," सून म्हणाली. "ती काठी तुम्ही नाही मोडलीत. मी मोडली."

दुकानदार उगाचच एक रीळ पुसायला लागला.

"तुम्ही केस कापायला गेला होता. माझ्या हातात कपडे होते, मी पायाने दार लोटलं. आवाज ऐकला, शेंडा पाहिला, आणि गप्प बसले. हे तुम्हाला बोलले तेव्हाही गप्प बसले. तुम्ही काही विसरलेला नाही, बाबा. आठवायला काही नव्हतंच."

सासरे तिच्याकडे वळले. त्यांची हनुवटी हलायला लागली, डोळे भरून आले. शरमेने मान खाली घालून ती बोलणी खायला उभी राहिली. आता काय म्हणतील ते म्हणोत. तिच्या डोक्यावर त्यांचा हात आला.

"पोरी, माझ्यासाठी खोटं बोलतेस?"

"खोटं नाही हो! खरंच मीच…"

"पुरे. अगं, मला सगळं स्पष्ट आठवतंय." त्यांनी बाहीनेच डोळे टिपले आणि ते दुकानदाराकडे वळले. "पाहिलंत? म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून दोष स्वतःच्या अंगावर घेतेय. पोटची पोरही इतकं करणार नाही."

"नशीबवान आहात, काका," दुकानदार म्हणाला आणि त्याने तिच्याकडे आदराने पाहिलं.

तिने पुन्हा तोंड उघडलं. सासऱ्यांनी नुसता तळवा दाखवला, प्रेमाने.

त्यांनी जाड काठी उचलली. जिग तिला लावून पाहिली. शेंडा तसूभरही हलला नाही. "झकास," ते म्हणाले. दुकानदाराने हलकी काठी परत भिंतीवर टांगली.

निघताना सासरे दाराशी घुटमळले. दाराकडे पाहिलं, हातातल्या काठीकडे पाहिलं आणि ती सुनेच्या हातात दिली.

"दारातून तूच ने गं," ते म्हणाले. "तुझ्या हातून काही मोडत नाही."