दुधाची तपासणी

“आईला घेऊन या,” शौकत कारकून खिडकीतून म्हणाला. “तिच्या अंगावर दूध नाही अशी तपासणी झाल्याशिवाय पावडरच्या दुधाचा डबा देता येत नाही.”

“आई कबरीत आहे,” सनिया म्हणाली.

आरोग्य केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी वळून पाहिलं. सनियाच्या हातात बारा दिवसांचा नूह होता. तिच्या लेकीचा, शहीराचा. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी शहीरा तापानं गेली. त्यानंतरच्या चार दिवसांत पोर इतकं सुकलं होतं, की रडायला तोंड उघडायचं, पण आवाज फुटायचा नाही.

शौकतनं चष्मा कपाळावर सरकवला. “अल्ला तिला जवळ करो, खाला. मग मृत्यूचा दाखला द्या.”

सनियानं घडी उलगडून कागद पुढे केला.

“हा दवाखान्याचा. नोंदणी कचेरीचा छापील लागतो.”

“तिथलं यंत्र बंद आहे. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी या म्हणाले.”

“मग रविवारी या.”

“आज बुधवार आहे, बेटा. तोवर ह्यानं काय प्यायचं?”

त्याच्या पाठीमागच्या जाळीच्या कपाटात डब्यांची चळत होती. कपाटाला कुलूप होतं. “मोजून येतात,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “एक कमी पडला तर माझी नोकरी जाईल.”

दुकानातून एक लहानसा डबा सनियानं आणला होता. त्यासाठी घरचा गॅस सिलिंडर विकला होता. तो डबा संपला, आणि आता घरात विकण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ती भिंतीशी जाऊन टेकली.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि एक तरुण बाई अंगरख्याची बटणं लावत बाहेर आली. चेहरा लालबुंद, खांद्यावर झोपलेली तान्ही मुलगी. मागून अफाफ नर्सचा आवाज आला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा. “थेंब आला. दूध आहे हिला. पुढची!”

“थेंबानं पोट भरतं होय, सिस्टर? बाकीचं तुम्ही पाजणार का?”

“तोंड आवर, बसीमा. सोमवारी ये, पुन्हा दाबून बघू.”

बसीमा धपकन सनियाशेजारी बसली. थोडा वेळ स्वतःशीच पुटपुटली. मग तिची नजर नूहच्या उघड्या तोंडावर गेली आणि तिचं पुटपुटणं थांबलं.

“आण इकडे त्याला.”

“तुझ्याच लेकीला पुरत नाही ना गं?”

“ती झोपलीय. उठेल तेव्हा उठेल.” तिनं झोपलेली मुलगी सनियाच्या मांडीवर ठेवली आणि नूहला घेतलं. “पण आत्ताच सांगून ठेवते, आजी, मोठा झाल्यावर माझ्या हनीनला मागणी घालायला येऊ नका. हा तिचा दूधभाऊ झाला आता.”

लेक गेल्यापासून पहिल्यांदा सनियाला हसू आलं. नूहला आधी धरताच येईना. मग धरलं, आणि घटाघट गिळण्याचा आवाज येऊ लागला. सनिया डोळे मिटून तो आवाज ऐकत राहिली.

डोळे उघडले तेव्हा अफाफ समोर उभी होती. हातात नोंदवही.

“वा! आत थेंब येतो आणि बाहेर गावाला पाजायला दूध आहे. सोमवारी यायची गरज नाही, बसीमा. डब्याच्या यादीतून तुझं नाव काढलंय.”

“सिस्टर, हे माझ्या लेकीच्या वाटणीचं...”

“मी डोळ्यांनी बघितलं.”

“तिचा दोष नाही हो,” सनिया उठायला लागली. “मीच...” पण अफाफ आत गेली होती. पडद्याआडून पुढच्या बाईला अंगरखा काढायला सांगत होती.

हनीनला जाग आली. बसीमानं नूहला सनियाकडे दिलं आणि लेकीला छातीशी धरलं. हनीननं ओढलं, पुन्हा ओढलं, मग डोकं मागे टाकून तिनं टाहो फोडला. बसीमानं दुसऱ्या बाजूला घेऊन पाहिलं. तिथंही तेच. रांगेतल्या बायका दुसरीकडे बघू लागल्या.

सनियानं पिशवीत हात घालून एक बाटली काढली. बडीशेप उकळून साखर घातलेलं पाणी. ती बसीमाच्या हातात देताना तिला मान वर करता आली नाही.

बसीमानं बाटली उजेडात धरून पाहिली. “यानं होतं काय?”

“अर्धा तास गप्प राहतात,” सनिया म्हणाली.