उंटाची फळी

सूनबाईंना लाज नावाची काही चीज आहे की नाही, असं सासूबाई मुद्दाम करवत बंद करून म्हणाल्या. करवतीच्या आवाजात टोमणा वाया जातो.

"पटांगणातली पोरं हिला वहिनी म्हणतात. वहिनी! आणि ही वहिनी त्यांच्यासमोर कठड्यावरून उड्या मारते. काल गुडघा फोडून आली, परवा कोपर."

"कोपर तर आपल्या ब्रँडचं नावच आहे, आई," फळी घासता घासता सून म्हणाली.

"जीभ घास त्यापेक्षा. ती जास्त खरखरीत आहे."

पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन थांबलं, सासूबाईंचा मुलगा हसला असावा, आणि मशीन पुन्हा सुरू झालं. तो सायकलवाल्यांच्या जर्सी शिवायचा. अंगाला चिकटून बसणाऱ्या, पाठीवर खिसे असलेल्या. गिऱ्हाइकं आरशासमोर पोट आत ओढून उभी राहायची आणि बाहेर पडताना राजपुत्रासारखी चालायची. मागच्या खोलीत सासूबाई आणि सून स्केटबोर्डच्या फळ्या करायच्या. जर्सी असो की फळी, खूण एकच. वाकवलेलं कोपर.

मोठ्या कंपनीचा माणूस एकदा विचारायला आला होता, फळ्या तुम्ही करा, नाव आमचं लावू. सासूबाईंनी त्याला बसासुद्धा म्हटलं नाही.

या धंद्यात एक रीत असते. ज्याच्या खेळामुळे ब्रँडची मान उंच होते, त्याचं नाव एका फळीच्या पोटावर रंगवतात आणि सगळ्यांसमोर कापड ओढून ती दाखवतात. कोपरने आजवर कुणाचंच नाव लावलं नव्हतं. "नावं वाटायला मी काय बारशाला बसलेय?" असं सासूबाई म्हणायच्या. यंदा मात्र त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. रविवारी पहिली नावाची फळी. उंटाची.

उंट म्हणजे पटांगणातला सगळ्यात लांब टांगांचा गडी. खेळायचा छान, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला उतारावरून पहिल्यांदा खाली सोडलं होतं ते सुनेने, हात धरून. कोपरची फळी पायाखाली घेऊन सगळ्यात आधी पटांगणात उतरली होती तीही सूनच. या गोष्टी ती कुणाला बोलून दाखवत नव्हती. फक्त हातातला पॉलिश पेपर जरा जोरात चालत होता.

"आई, उंटाच्या पायाला ही अरुंद होईल."

"माप मी दिलंय ना? तू घास."

घासून झालं की फळी बोटाच्या पेराने वाजवून बघायची, ही या घरची पद्धत. लाकडाचे सात पातळ पापुद्रे गोंद लावून एकमेकांवर दाबलेले असतात. सगळीकडे नीट चिकटले असतील तर आवाज खणखणीत येतो. सुनेने टोकापासून वाजवत आणलं. टक, टक, टक. आणि मागच्या टोकाला, शेपटीजवळ, ठप्प.

तिने पुन्हा वाजवलं. ठप्प.

आत पोकळ होतं. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. रंग चढला की ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. उंटाच्या पहिल्याच मोठ्या उडीला शेपटी तुटली असती, अख्ख्या पटांगणासमोर. मग नावाच्या फळीसाठी सासूबाईंना दुसरं माणूस शोधावं लागलं असतं.

सासूबाई पाठमोऱ्या होत्या. "वाजवून पाहिलीस?" त्यांनी विचारलं.

सून फळी हातात धरून उभी राहिली. जरा जास्तच वेळ.

"पाहिली. शेपटीकडे पोकळ आहे."

"रविवार तोंडावर आलाय. रंगाखाली कुणाला दिसणार आहे?"

"उंट तोंडावर पडेल, आई. आणि खूण आपली आहे तिच्यावर."

सासूबाईंनी फळी घेतली, करवतीवर उभी चिरली आणि भंगारात टाकली.

"मग बघतेस काय? नवी कर."

सुनेने नवी केली. सातही पापुद्र्यांना कडेपर्यंत स्वतः गोंद लावला, प्रेसचे स्क्रू अंगाचा भार टाकून आवळले. दुसऱ्या दिवशी कापली, कडा गोल केल्या आणि तळहात लोण्यावरून फिरावा तसा फिरेपर्यंत घासली. स्वतःसाठी तिने कधी इतकी मेहनत घेतली नव्हती. तिच्या वाट्याला नेहमी उरलेसुरले तुकडेच यायचे. वाजवली तेव्हा फळी घंटेसारखी बोलली. दुसऱ्याची का होईना, फळी आपल्या हातची आहे, असं तिला वाटलं आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

मग सासूबाईंनी रंगाचे डबे घेतले आणि पडदा ओढला. "आत कुणी डोकवायचं नाही."

रविवारी पटांगण भरलं. पोरं, पोरी, सायकलवाले त्यांच्या घट्ट जर्सीत. उंट केस विंचरून आला होता, हीच मोठी बातमी होती. सून नवऱ्याशेजारी मागे उभी राहिली. पहिली टाळी आपणच वाजवायची, तिने ठरवलं होतं. कुणी म्हणायला नको, वहिनी जळली.

"चल रे उंटा," सासूबाई म्हणाल्या, "ओढ कापड."

त्याने ओढलं. फळी पोट बाहेर करून टांगली होती. लाल रंगात वाकवलेलं कोपर, कोपरावर पट्टी. खाली सासूबाईंच्या, शाळा अर्धवट सोडलेल्या हाताची जाडजूड, जरा कलती अक्षरं.

वहिनी.

उंटाने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. टाळ्या सुरू झाल्या. सुनेचे हात मात्र जिथल्या तिथे राहिले.

सासूबाई गर्दीतून वाट काढत तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"तोंड मीट. पहिल्या फळीतली पोकळी मीच ठेवली होती. गप्प बसली असतीस, तर आज कोरी फळी टांगली असती."