साठाची तांबडी रेघ

तेलाच्या गिरणीत एक जुना बॉयलर, बारा पोती कोळसा आणि कोरडा हौद होता. लातूर जिल्हा नवा झाला, तरी नळाला एकोणीस दिवस पाणी नव्हतं. रिकामा बॉयलर थंडगार पडला होता. त्यावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा मात्र चाळिसावर चढला होता.

“वहिनी, पाटल्या मोडा, नवा घेऊ,” दीर चंद्रप्पा म्हणाला. “ह्यो फुटंल.”

“फुटायला आत पाणी हाय का? न्हाई देत!”

मालकीण रत्नम्मानं बॉयलरला रोजच्यासारखी विभूतीची तीन बोटं ओढली. मग पान्यानं ते घड्याळ खोललं आणि बॉयलरपासून लांब, ओसरीवर, मांडीवर घेऊन बसली.

“आता चढून दाखव, मेल्या. चढलास तर पाटल्या तुझ्या!”

चंद्रप्पा हसला नाही.

धोक्याची तांबडी रेघ साठावर होती. काटा चढत चढत त्रेसष्टावर थांबला.