टेस्ट मेल

बारावी अर्धवट सोडल्यापासून मी घरीच असतो, त्यामुळे घरात काही बिघडलं की माझ्याच गळ्यात पडतं. आज बाबांच्या मेलमधले सगळे कॉन्टॅक्ट उडाले, आणि मराठी मंडळाच्या गणपतीचं आमंत्रण आजच जायला हवं होतं.

"काय दाबलंत तुम्ही?" मी खेकसलो.

"काही नाही रे. स्वल्प सावकाश बोल," बाबा नेहमीसारखं कन्नड मिसळून म्हणाले.

डिलीट झालेल्यांच्या फोल्डरमध्ये सगळे सापडले. यशवंतपूरची आत्या, बाबांचे ऑफिसवाले, बेळगावचे योगीराज काका. मी सगळे परत आणले आणि मेल जातोय का बघायला सगळ्यांना लिहिलं, 'बाबांचे कॉन्टॅक्ट परत आले. घरी बसून मीच आणले. ध्रुव.'

"सगळ्यांना नको पाठवू," बाबा घाईघाईने म्हणाले.

"तुम्हाला यातलं काय कळतं?" म्हणत मी पाठवून टाकला.

योगीराज काकांचं उत्तर लगेच आलं. मी ऐटीत मोठ्याने वाचायला लागलो, पण दुसऱ्या ओळीपासून मला बाबांकडे बघवेना.


"शाब्बास ध्रुव. इंजिनिअरिंगला लागलास म्हणून बाबांनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले होते. हॉस्टेलवरून घरी कधी आलास?"