खाजेला उतार नाही

"तुमच्या गोळीत काही दम नाही," म्हातारी नर्सला म्हणाली. "वर्ष झालं, यांची खाज जात नाही." तिच्या हातात दाणे काढलेलं मक्याचं कणीस होतं. रोज संध्याकाळी ती त्यानेच नवऱ्याची पाठ खाजवायची.

कॅमेरूनमधल्या त्यांच्या गावच्या नदीवरच्या माश्या चावून म्हाताऱ्याच्या अंगात बारीक किडे शिरले होते. त्यांनी डोळे नेले, खाज ठेवली. नर्सने पाठ तपासली. फोड एकही नव्हता.

म्हातारी पाण्याला गेल्यावर नर्सने विचारलं, "आजोबा, खरंच खाजतंय?"

"हळू बोल गं. बरा झालो म्हटलं, तर ही शेजारी बसेल का?"

म्हातारी परतली. नर्स म्हणाली, "अजून दहा-पंधरा वर्षं लागतील, आजी."

"चालेल." म्हातारी नवऱ्याला खेटून बसली. "मला वाटलं, बरे झाले की काय!"