चौथऱ्याखालची तहान

देवळाचा नवा चौथरा आमच्या गल्लीवरच बांधायचं ठरलं. उरुक शहर वाढत होतं, घरं जायचीच. पण माझं पोरगं घराच्या जमिनीखाली पुरलेलं होतं. रोज संध्याकाळी मातीच्या नळीतून मी त्याला पाणी द्यायचे. पाणी तुटलं की मेलेलं माणूस तहानेनं भटकतं. “आजी, ऊठ. विटा वाळल्यात,” गवंडी शेशकल्ला म्हणाला. “नळी वर वाढव, मग उठते.” “चौथरा खजुरीएवढा होणार. चढशील?” “माझे गुडघे मी बघते. तू विटा रच.” “पुजारी माझी कातडी सोलतील!” कुरकुरत त्यानं थराथराला नळी जोडली, तोंडावर सुटी वीट ठेवली. चौथरा पुरा झाला. थांबत थांबत, घागर सांभाळत वर पोहोचले, तर गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्या जागोजागी तशाच विटा उचलून पाणी ओतत होत्या. “ये, बस,” शेजारीण म्हणाली. “दम खा. त्यांना कुठं घाई आहे?”