वरचा रांजण

या, जवळ सरका; कीर्तनात न ऐकलेली एक गोष्ट सांगते.

शनिवारी माझ्या ओसरीवर शहरातले चौघे गडमाथ्यावरच्या मुक्कामाचा बेत आखत सामान भरत होते. तंबू, स्टोव्ह, स्पीकर सगळं सॅकमध्ये गेलं. पाण्याचे दोन्ही कॅन मात्र रिकामेच.

"पाणी नको का रे?"

"वर देवळात रांजण भरलेलाच असतो, मावशी. गेल्या खेपेला आम्ही त्याच पाण्याने आंघोळी केल्या," म्होरक्या हसला.

माझं डोकंच फिरलं. "आंघोळी? मेल्यांनो, तो रांजण काय ढग भरतात? तहानलेल्याच्या ओंजळीतून देवच पाणी पितो, असं बुवांनी कीर्तनात सांगितलं, तेव्हापासून माझी जाऊ सगुणा वीस वर्षं दिवसाआड हंडा घेऊन चढली. तुमच्या आंघोळीपायी तिने दुखऱ्या गुडघ्यांनी एका दिवसात दोन खेपा केल्या!"

म्होरक्याची मान खाली गेली. "वर भेटल्या तर माफी मागतो त्यांची."

"कुठली भेटतेय? परवा तिचा दहावा झाला. रांजण कोरडा पडलाय."

त्याने गुपचूप स्पीकर बाहेर काढला आणि कॅन भरले.

तुम्हीही कधी चढलात तर तांब्याभर पाणी न्या, आणि रांजणात ओतताना माझ्या सगुणेची आठवण काढा.